स्लेक फार्मवाल्यांचा कप्पा

“नुसतं लाकूडच तर आहे!” असं म्हणाली का ती? मग तिला म्हणावं, ये आणि बसून दाखव एक रात्र त्या नुसत्या लाकडात! पाद्रीणबाई झाली म्हणून सगळं कळतं असं नाही. शहरातून येऊन चार महिने झाले नाहीत, आणि म्हणे चर्चमधले बसायचे कप्पे तोडा, तिथं सोफे मांडा, कॉफीचं मशीन ठेवा. आणि तोडणार कोण? तर माझाच भाचा. पहार घेऊन. उद्या सकाळी.

बस खाली, कीरन. जेगो, तू त्याचा जोडीदार, तू पण बस. दात काढू नकोस. हे ऐकल्याशिवाय दोघांनीही इथून हलायचं नाही.

विल्फ टॅन्सलीचं सांगतोय. चर्चच्या मनोऱ्यातल्या घड्याळाला चावी द्यायचा तो विल्फ. ऐकीव नाही, त्याच्या तोंडून ऐकलंय.

गेल्या ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. उन्हाळ्यापुरती पुढं केलेली घड्याळं परत तासभर मागं करायची रात्र. घरातल्याचं काय, बोटानं फिरवलं की झालं. मनोऱ्यातल्याचे काटे मागं ढकलले तर ठोक्यांचा सगळा घोळ होतो. म्हणून लंबक हातानं थांबवायचा, तासभर नुसतं बसायचं, आणि मग परत हलवून द्यायचा. विल्फ हे रात्री दहा वाजता करायचा. तो मधला तास दरवर्षी समोरच्या पबात जायचा त्याचा. गेल्या वर्षी पबच बंद पडला. बाहेर समुद्रावरचं वारं, घर लांब, गुडघे गेलेले. म्हणाला, बसू इथंच.

बसला कुठं, ते ऐका.

कप्पे तुम्ही बघितलेत. छातीपर्यंत ओकच्या फळ्या, आत बाक, दाराला बाहेरून, पार खाली, लाकडी कडी, दारावर शेताचं नाव. ज्याचा कप्पा त्याचा. लहानपणी मी एकदा दुसऱ्यांच्या कप्प्यात शिरलो, तर आईनं कान धरून सगळ्या गावासमोर बाहेर काढलं होतं. विल्फचा स्वतःचा कप्पा उत्तरेच्या दाराशी. तिथं वारं हाडात घुसतं. म्हणून तो जाऊन बसला स्लेक फार्मवाल्यांच्या कप्प्यात. जाड खांबाआड, चांगला उबदार. ते शेत समुद्रानं खाल्लं, घराणं माझ्या आज्याच्याही आधी संपलं. कोण येणार होतं विचारायला?

आत गेला, दार ओढून घेतलं, बाकाच्या मधोमध बसला. बॅटरी विझवली. वरच्या खिडक्यांतून चांदणं येत होतं, छताच्या तुळयांवरचे लाकडी देवदूत तेवढे दिसत होते. खाली काळोख. आणि घड्याळ बंद. ते घड्याळ टकटक करतं हे आपल्याला एरवी कळतच नाही. थांबलं की कळतं.

थोड्या वेळानं मागच्या टोकाला एक कडी वाजली. खट्.

मग दार लागलं.

मग दुसरी कडी. तिसरी. रविवारी मंडळी येऊन बसतात ना, तसं. एकेक दार उघडतंय, लागतंय, कडी पडतेय. पण पाऊल नाही. कुजबुज नाही. कुणी खोकत नाही. अरे, आपल्या चर्चमध्ये कुणी खोकलं नाही असं कधी झालंय?

शेजारचा कप्पा... खट्.

मग ह्याचा.

दार उघडलं. दार लागलं. बाहेरून कडी पडली.

आणि अगदी कानाशी, साध्या आवाजात...

“सरक की जरा.”

विल्फ सरकला.

हसू नकोस, जेगो! तू पण सरकला असतास. चर्चमध्ये कुणी सरक म्हटलं की आपण सरकतो. “माफ करा” म्हणतो आणि सरकतो. विल्फ पण “माफ करा” म्हणाला.

बाक करकरला.

“सरक की जरा.”

परत सरकला. बाक परत करकरला. ओल्या लोकरीचा वास आला. परत तेच. परत तेच... भिंतीची फळी लागेपर्यंत.

तरी...

“सरक की जरा.”

त्यानं कशीबशी बॅटरी लावली. बाक रिकामा. पार दुसऱ्या टोकापर्यंत रिकामा. आणि डाव्या अंगावर वजन. उठायला गेला, खांदा सुटेना. पाय पुढं घ्यायला गेला, समोर फळी. ओरडायचं होतं. ओरडायला छाती फुगावी लागते. ती फुगेना.

त्याला वाटलं, तास संपला की जातील.

पण तास संपवणार कोण? लंबक हलवायचा त्यानं. आणि तो इथं...

“मामा, झोप लागली असेल म्हाताऱ्याला. स्वप्न पडलं असेल.”

तू गप! मला पण तसंच वाटलं होतं. रविवारी सकाळी मी मेंढ्यांकडे निघालो, वर बघितलं, तर घड्याळात दहा. आत्ता कुठं उजाडतंय आणि दहा. विल्फला शिव्या घालतच आत शिरलो. हाक मारली. कुठं काही नाही. स्लेकवाल्यांच्या दाराची कडी बाहेरून पडलेली. आतून कुणाचा हात पोचत नाही तिथं. मी ती उघडली.

सगळा बाक मोकळा. आणि विल्फ कोपऱ्यात. चार वर्षांचं पोर मावेल एवढ्या जागेत. एक खांदा वर चढलेला, गाल फळीला चिकटलेला.

“ऊठ रे गाढवा,” म्हटलं मी.

माझ्याकडे बघितलं नाही त्यानं. शेजारी बघत होता. हळूच म्हणाला, “आधी त्यांना उठू दे, नेड.”

मी मागं सरलो. दार उघडं धरून उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. बाक करकरला... आणि मग तो उठला.

तुझी पाद्रीणबाई म्हणते लाकूड. त्या फळ्या आहेत म्हणून ती मंडळी आपापल्या कप्प्यात बसतात, कळलं का? उद्या फळ्याच काढल्यास, तर आपल्याला कुठवर सरकवतील ती? आणि पहिला हात लावणारा कोण?

डॉक्टर म्हणाला, म्हातारा गारठला, भास झाला. म्हणू दे. विल्फचं जाकीट मी काढलं ह्या हातांनी. डाव्या हातावर, मनगटापासून खांद्यापर्यंत, गोल गोल वळ. एका ओळीत. कोटाच्या बटणांचे. प्रत्येक वळात शिंगवाल्या मेंढ्याचं डोकं उमटलेलं, नाकपुड्यांसकट.

विल्फच्या जाकिटाला चेन आहे.

वर्ष होत आलं. वळ अजून गेलेले नाहीत...

पहार इकडे दे, कीरन. आत्ता. हातात दे माझ्या.