झालं का गं औषध?

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलंय, आणि ताईला थापा मारता येत नाहीत.

गेल्या वर्षीची गोष्ट. सुट्टीची दुपार. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा. ताई एकटीच.

जंगलात सावलीला वाढणाऱ्या एका झुडपावर तिचं संशोधन चाललं होतं. दम लागला की तिकडचे लोक त्याचा पाला उकळून पितात. त्या पाल्यात नेमकं आहे तरी काय, हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती.

आणि त्या दुपारी ते सापडलं. आजवर कुणालाच ठाऊक नसलेलं संयुग. काचेच्या कुपीच्या तळाशी, चिमूटभर पांढरे स्फटिक.

स्फटिक वाळवणारा पंप घरघरत होता. ताईनं तो बंद केला.

घरघर थांबली नाही…

कुणीतरी श्वास घेत होतं. ओढून ओढून. अगदी तिच्या पाठीशी.

तिला वाटलं, झाडलोट करणाऱ्या मावशी जिना चढून आल्या.

"बसा मावशी. पाणी देऊ?"

"झालं का गं औषध?"

आवाज मावशींचा नव्हता.

ताई गर्रकन वळली. कुणीच नाही. दाराला आतून कडी.

श्वास मात्र चालूच… आता टेबलाजवळ. कुपीच्या काचेवर वाफ धरली. कुणी तोंड जवळ नेल्यासारखी.

"अजून तपासायचंय ते," ताई कशीबशी म्हणाली. "माणसाला देता येत नाही."

"मग कधी?"

ताईनं कुपीचं झाकण काढलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

घरघर हळूहळू कमी झाली…

मग अगदी शांत.

कुपी पार रिकामी होती.

"सांडलं," असं तिनं तिच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. सर असे उखडले की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी ती बेसिनपाशी काचेची भांडी धूत होती. कानाशी कुणीतरी पुटपुटलं…

"एवढ्यानं नाही भागत गं. आम्ही पुष्कळजण आहोत."

ताई पुन्हा पाला घेऊन आली. पुन्हा तेच काम, पहिल्यापासून. मी तिच्यावर ओरडले, "वेड लागलंय का तुला? सोड ते!"

ती पाला निवडतच होती.

"सोडलं, तर ते मला शोधत घरी येतील."

आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो.