संदीतली मनू

कुंडलच्या बाजारात बैल उधळला, तेव्हा विजयमाला आणि तिची मामेभावंडं सिद्धू अन् अंजना कलिंगडांच्या ढिगापाशी उभी होती. सेहेचाळीस सालची उन्हाळ्याची सुट्टी. विजयमाला सांगलीहून मामाकडे आलेली. बैलानं कडब्याची गाडी उलटवली आणि जतकडून घोंगडी विकायला आलेल्या तानुबाईला धडक दिली. बैल आवरला; पण तानुबाईची चार वर्षांची नात मनू कुठंच दिसेना.

तानुबाई अर्धवट शुद्धीत पुटपुटत होती, "पोर संदीत हाय... संदीत."

"शिंदीत म्हणती," दादासो पाटील म्हणाले. ओढ्याकाठी शिंदीचं बन होतं. पाटलांमागोमाग सगळे बाप्ये तिकडं पळाले.

विजयमालाला ते पटेना. एवढंसं पोर इतक्या लांब जाईल कसं? शिवाय 'संदी' तिच्या कानावरचा शब्द होता. सांगलीतल्या त्यांच्या शेजारीण, जतला लागून असलेल्या कानडी अथणीकडच्या हरणाबाई, दोन घरांमधल्या चिंचोळ्या वाटेला संदीच म्हणत. तिनं मामाला हाक मारून सांगून पाहिलं. मोठ्यांच्या मधे बोलू नको, म्हणत तोही पळाला.

"आमच्यात त्याला बोळ म्हणत्यात," सिद्धू म्हणाला.

"मग बोळच हुडकायचे. म्हातारी पडली तिथले."

दोन बोळ रिकामे निघाले. तिसरा कुणालाच दिसत नव्हता. उलटलेल्या गाडीतल्या कडब्याच्या पेंढ्यांनी त्याचं तोंड बुजलं होतं. तेल्याच्या घराला लागून बोळ आहे, हे अंजनाला ठाऊक होतं. तिघांनी पेंढ्या ओढून काढल्या. आत मोठं माणूस मावलंच नसतं. विजयमाला अंग चोरून शिरली. धुरळ्यानं श्वास कोंडत होता. पलीकडून वाट बंद होती आणि तिथं भिंतीला चिकटून मनू बसली होती, ओठ सुकलेले, डोळे टक्क उघडे. हाका मारल्या तरी ती हलेना.

आजीनंच हिला इथं बसवलं असणार, हे विजयमालाच्या ध्यानात आलं.

"मनू, आजी म्हणती, संदीतनं भाईर ये."

तो शब्द ऐकल्यावर मनूनं हात पुढं केला.

बाप्ये चिखलानं भरलेले पाय घेऊन परतले, तेव्हा मनू आजीच्या कुशीत पाणी पीत होती. पाटलांनी सगळी हकिकत ऐकून घेतली. मग चारचौघांत म्हणाले, "आमी नुसतं पळालो. ऐकलं ते ह्या पोरांनी."

ते तानुबाईशेजारी खाली बसले. "मावशे, ओढ्याला तुमच्यात काय म्हणत्यात?"

"हळ्ळ."

पाटलांनी तो शब्द हळूच म्हणून पाहिला.