कुंकवामागचा डाग

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिरोलीच्या कारखान्यात लेझर सुरू झाला आणि पहिल्याच छिद्राला थांबला. पडद्यावर ओळ उमटली : ‘टायटॅनियममध्ये कॅल्शियम. पत्रा बाद.’

“कुंकू असंल, मॅडम,” ऑपरेटर बाबासाब सुतार म्हणाले. “खंडेनवमीला मशीनला लावलं, मग पत्र्यानं काय घोडं मारलं हुतं?”

इंजिनिअर शर्वरी कुंभोजकर हसली. कुंकू हळद-चुन्याचे, आणि चुन्यात कॅल्शियम. यंत्राला ते दिसणारच. भिंगाने सुईच्या टोकाएवढा केलेला प्रकाश धातू वितळवी, आर्गॉन वायूचा झोत तो रस खाली उडवी, आणि उठणाऱ्या वाफेचे रंग ‘वाफवाचक’ टिपून घेई. प्रत्येक मूलद्रव्याचे रंग वेगळे. प्रयोगशाळेचे काम आता कापता कापता होई.

उद्या सकाळी मिरजेत एका शिक्षिकेच्या तुटलेल्या जबड्यावर या पत्र्यातून कापलेली पट्टी बसायची होती. दुसरा पत्रा सोमवारशिवाय मिळणार नव्हता.

“‘दुर्लक्ष करा’ दाबा की. आपलंच बोट हाय ते.”

“बोट तुमचं, मामा. जबडा त्या बाईंचा.”

तिने पत्रा स्पिरिटने स्वच्छ पुसला. पट्टीला स्क्रूची छिद्रे लागणारच होती. पत्रा तपासायला यंत्राला तिने आधी तेवढीच पाडायला लावली. एकेक छिद्र निर्दोष निघाले. शेवटच्याला पुन्हा तीच ओळ : कॅल्शियम.

बाबासाब वाकून बघत राहिले. “हितं म्या हातच लावला न्हाई.”

म्हणजे डाग धातूच्या पोटात होता. ओतताना भट्टीच्या अस्तराचा कण आत अडकला असावा. घास चावता चावता एक दिवस तिथूनच पट्टीला तडा गेला असता.

शर्वरीने पट्टीची आकृती पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. या वेळी लेझर न थांबता फिरला. जबड्याच्या वळणाची पट्टी सुटून जाळीवर पडली. तिच्या वाफेत कुठेही कॅल्शियम नव्हते.

“झालं. गाडी काढायला सांगा.”

तेवढ्यात पडदा उजळला. देशभरची ही यंत्रे एकमेकांकडून शिकत असत. ‘दसऱ्यानंतर कॅल्शियमकडे दुर्लक्ष करावे, असे अनेक कारखान्यांनी आज शिकवले आहे. हा धडा घ्यायचा?’

शर्वरीने ‘नाही’ दाबले, आणि कॅल्शियम कुंकवाचेच असेल असे नाही, धातूच्या आतही असते, असा इशारा सगळ्या कारखान्यांना लिहायला बसली.

बाबासाब पट्टी कापडात गुंडाळता गुंडाळता थांबले.

“मॅडम, ज्यांनी व्हय म्हटलं, त्यांच्या पट्ट्या आज कुणाकुणाच्या हाडावर बसल्या असतील?”