शके एकोणीसशे सत्तेचाळीस

काशीत, पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत, माघातल्या एका सकाळी, एक उंच माणूस मधुवंतीच्या दारातून वाकून आत आला आणि तरीही त्यानं चौकटीवर कपाळ आपटून घेतलंच.

"आई गं..."

"मराठी?" तिला हसू आलं.

"नागपूरचा. देवव्रत. विमा कंपनीनं पाठवलंय, फेरतपासणीला."

तिचं हसू तिथंच विझलं.

गेल्या श्रावणात शेजारी हॉटेलचं तळघर खणताना या घराची मागची भिंत कोसळली आणि तिची आई तिच्याखाली गेली. कंपनीच्या पहिल्या सर्व्हेअरनं जखमेवर मीठ चोळलं. उरलेल्या भिंतीवर तड्याशेजारी गेरूनं 'वैशाख शु. ३, १९४७' लिहिलं होतं. ते वाचून त्यानं अहवाल ठोकून दिला : तडा स्वातंत्र्याच्या वर्षाचा, घरच्यांना ठाऊक, मृत्यू त्यांच्याच निष्काळजीपणामुळे. कंपनीनं घराच्या विम्याचे पैसे नाकारले, आणि मधुवंतीनं ग्राहक आयोगात लावलेल्या दाव्यात हॉटेलचा बिल्डर आता तेच वाक्य मिरवत होता. वडील काशीनाथशास्त्री, तिचे आबा, भिंत पडली त्या दिवसापासून बोलेनासे झाले. अक्षर त्यांचंच होतं. जुन्या तड्याची आठवण राहावी म्हणून त्यांनी ते लिहिलं असेल, असं मधुवंतीलाही वाटे, आणि कधीकधी तिला त्यांचं तोंडही पाहवत नसे. तिला ते वाक्य पुसून हवं होतं. बाकी काही मिळो न मिळो.

देवव्रत भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला.

"घरात पंचांग आहे?"

"भिक्षुकाच्या घरात पंचांग विचारता?"

"मग तुमचे आबा इसवी सन कधीपासून लिहायला लागले? शके लिहितात ना?"

तिनं गेरूची अक्षरं पुन्हा वाचली. शके एकोणीसशे सत्तेचाळीस. म्हणजे गेल्या वैशाखातलीच अक्षय्य तृतीया.

"खणायचा परवाना त्याच्या नऊ दिवस आधीचा आहे," तो हळूच म्हणाला. "तडा नवा होता. आबांनी नोंद ठेवली, एवढंच."

कॉलेजात इतिहासाच्या इंग्रजी तारखा शिकवता शिकवता आपण घरचा शक विसरलो, आणि बापाला मनातल्या मनात दोषी धरलं. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

भिंत मोजायला तो आणखी दोनदा आला. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या.

"ढिली सोडू नका."

"मी काही ढिलं सोडत नाही."

"ते दिसतंच आहे..." तो म्हणाला, आणि आकडा लिहायचा राहिला. पुन्हा मोजावं लागलं. तिनं मुद्दाम टोक हलवलं, म्हणून तिसऱ्यांदाही.

निघताना तो पायरीवर घुटमळला. "मधुवंती, मला एक सांगायचं होतं... पण आत्ता सांगितलं, तर अहवाल रद्दी होईल."

"मग नका ना सांगू," ती म्हणाली. ऐकायला तिचा जीव आतुर झाला होता, तरी म्हणाली.

आयोगात बिल्डरच्या वकिलाला दुसरं काही सापडेना, तेव्हा त्यानं देवव्रतकडे बोट केलं. "आप भी मराठी, ये लोग भी मराठी। इस परिवार से आपका कोई निजी संबंध है, या आगे होनेवाला है?"

देवव्रतनं आधी आबांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. इंचभरही इकडचं तिकडे न करणारा तो माणूस शपथेवर उभा होता, आणि त्याला फार वेळ लागला.

"जी नहीं. न है, न होगा."

त्या 'न होगा'नं तिला सगळं सांगून टाकलं. तो परका नाही हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि यापुढे त्याला परकाच ठेवावा लागेल हेही.

महिन्याभरानं निकाल लागला. दोष बिल्डरचा ठरला, कंपनीचा नकार रद्द झाला, ते वाक्य अहवालातून गेलं. बिल्डरनं लखनौला राज्य आयोगाकडे अपील केलं. तिथं वर्षं जातात, आणि तोवर देवव्रतच्या साक्षीला डाग लागून चालणार नव्हतं.

मधुवंतीनं आबांना निकाल दोनदा वाचून दाखवला. त्यांनी डोळे पुसले आणि आठ महिन्यांनी तोंड उघडलं.

"तो मुलगा भला आहे हो. एकदा जेवायला बोलाव की त्याला."

"नाही बोलावता येणार, आबा," ती म्हणाली, आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली.