अडुसष्ट

त्या दिवशी मी तुयेला गेले ती फक्त यंत्राचे दोन सेल द्यायला.

रंजनाची लेक प्रतीक्षा तेव्हा चार महिन्यांची. जन्मतःच हृदय अर्धं. एक ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यापर्यंत घरी जपायची. रोज वजन करायचं, पायाला यंत्र लावून ऑक्सिजन बघायचा, आकडा पंचाहत्तरच्या खाली गेला की आम्हा नर्सांना कळवायचं. पणजीकडच्या इतर बाळांचे आईबाप व्हिडिओवर आकडे दाखवत. रंजनाच्या भाड्याच्या खोलीत रेंजच नव्हती, आणि घरातला एकुलता फोन तिचा नवरा भैरू कारखान्यात घेऊन जाई. चंदगडहून पोटासाठी आलेली माणसं ती. म्हणून आठवड्यातून एकदा मीच बस पकडायचे. खरं सांगू? त्या पोरीचं बोळकं हसू बघायला जायचे.

दुपारचे तीन वाजले होते. चाळीत चिटपाखरू नव्हतं. कडी काढून आत शिरले. आत अंधार, गारवा आणि खोबरेलाचा जुनाट वास. खाटेशी एक म्हातारी बसली होती. बाळाचा पाय तिने ओंजळीत धरला होता.

"बस गो," ती हळूच म्हणाली.

गावाहून सासू आली असेल, असं मला वाटलं. मी यंत्रात सेल घालू लागले.

"अडुसष्ट..." ती पुटपुटली.

मी यंत्र पायाला लावलं. आकडा नाचला, थांबला. अडुसष्ट.

मी तिच्याकडे वळून पाहिलं. "तुम्हाला कसं...?"

"पाय बघ मगे... जांभळे झालेत. माझ्या चेडवाचे, माझ्या लेकीचे असेच झालेले. तेव्हा सांगूक कोण नाय होता..." तिने बाळाच्या कपाळावरून हात फिरवला. "धाव गो बाय. मी आसंय हिच्यापाशी."

मी धावले. वरच्या रस्त्यावर रेंज मिळाली, गाडी बोलावली. परत आले तर रंजना कळशी घेऊन दारात.

"रंजना, बाळाचा ऑक्सिजन उतरलाय, गाडी येतेय. दुपटं घे. आणि तुझ्या सासूबाई कुठे गेल्या?"

"कोण सासूबाई?" ती गोंधळली. "नळाला पाणी आलं म्हणून पाच मिनिटं गेले, सिस्टर. कुत्रं शिरेल म्हणून बाहेरून कडी घातली होती. आत बाळ एकटंच..."

ती कडी मीच काढली होती. खोलीला दुसरं दार नव्हतं.

बोलायला वेळ नव्हता. गाडीत रंजना बाळाला छातीशी धरून बसली, मी ऑक्सिजनची नळी धरून. दुसऱ्या सकाळी ऑपरेशन झालं. भैरू कारखान्याच्या कपड्यांतच दाराबाहेर उभा होता. डॉक्टर 'वाचली' म्हणाले, तेव्हा तो भिंतीला टेकून खालीच बसला.

तिसऱ्या दिवशी आयसीयूत मी तिचं अंग पुसत होते. ओठ गुलाबी झाले होते. आत आमच्याशिवाय कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. रंजनासुद्धा काचेतूनच बघत होती. मी लाडाने तिची मान जराशी वळवली.

कानामागे काजळाची तीट होती.

बोट लावून पाहिलं. अजून ओली होती.