घंटापक्ष्याची फांदी

सकाळच्या कॉफीला सगळे पक्षी हजर होते. टूकान, ट्रोगॉन, मनाकिन, रेन. कोस्टारिकाच्या त्या ढगाळ जंगलात इतक्या जातींचा कलकलाट पूर्वी खरोखरच होत असे. आता बहुतेक आवाज झाडांना बांधलेल्या पेट्यांतून येत होते.

"तुमची पोरं उठली, डॉन भास्कर," पक्षी-संशोधन केंद्राची प्रमुख मारिसोल स्पॅनिश रीतीची आदरार्थी हाक मारत म्हणाली.

अशी प्रत्येक पेटी, म्हणजे 'कंठपेटी', भास्कर आमडेकरांनी बनवली होती. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून ती एकेका जातीचं गाणं शिके आणि रोज सुधारत जाई. रान भरलेलं वाटलं तर गेलेले पक्षी परततील, अशी त्यांची आशा होती.

आणि आज खरंच कुणी परतलं होतं. दुर्बिणीत घंटापक्ष्याची शेवाळी मादी दिसत होती. या पक्ष्यांची रीत अशी, की मादी नराच्या फांदीवर येऊन बसते आणि तो तिच्या कानाशी चोच नेऊन घंटेसारखा ठणाणतो. आवाज पटला तरच जोडी जमते. दरीत एकच नर उरला होता. ती मात्र पेटीला बिलगून बसली होती.

शेजारच्या झाडावर पांढरं डोकं खाली घालून नर गप्प होता.

"म्हणजे दोन हंगाम आपण ऐकत होतो ती घंटा..." मारिसोल थांबली.

"पेटीचीच," भास्कर पुटपुटले. "मला वाटलं, तोच गातोय."

"बंद करा ती!"

"बंद केली तर इथे कुणी गाणारा नाही असं समजून ही निघून जाईल."

"आणि चालू ठेवली तर? डब्याशी संसार करेल?"

भास्करांनी पेट्यांना जोडलेला लॅपटॉप पुढे ओढला. पेटी बंद न करता तिने शिकलेलं सगळं ते पुसत गेले, अगदी पहिल्या दिवसापर्यंत. खणखणीत घंटेच्या जागी फाटका, चिरका सूर आला. मादी दचकून उडाली. मारिसोलने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

मादी नराच्या फांदीवर उतरली. सरकत सरकत त्याच्या शेजारी आली आणि मान कलती करून थांबली.

नराने चोच उघडली. चोचीवरून लोंबणारे तीन मांसल लोलक हलले.

घंटापक्षी आयुष्यभर शेजाऱ्याचं ऐकून आपलं गाणं बदलत राहतो. दोन हंगाम त्याने फक्त पेटी ऐकली होती. त्याच्याकडे स्वतःचं असं काही उरलं होतं का?