पडद्यामागून आणलेलं पोर

आईशपथ, खरं हाय. म्हंजे मी बघितलेलं न्हाई... पन जिच्यासंगं घडलं तिच्या हातचं लई दिस जेवलोय. तो मोबाईल ठिव खाली, न्हाईतर फेकून दीन. आन गोष्ट संपली की तंबाखू मळून द्यायची, कबूल?

एकाहत्तर साल. पौषातली अवस. तिसगावचा बाजार उठल्यावर गोजरबाई पोराला आनाया निघाली. हातात कंदील, खांद्यावर त्याचंच घोंगडं. तळावर तंबूतला शिनेमा आल्यापासनं तिचा कानिफ रातीचा निजंना. कनातीखालनं सरपटत आत घुसायचा आन पडद्यामागं बसायचा. तिथं फुकट. फकस्त चित्र उलटं; हिरो डाव्या हातानं मारनार, डाव्या हातानं जेवनार. घरी आला तरी डोळे टक्क आढ्याला. आन आज दिवसा हिरीच्या काठावर पेंगला... चुलत्यानं धरला म्हनून वाचला.

गोजरबाईचं टकुरं फिरलं.

"माज्या पोराची झोप खाल्लीस, मुडद्या!" दारावरच्या तिकीटवाल्यावर ती कडाडली.

"मावशे, खेळ कवाच सुटला. जनरेटर बंद हाय. आत काळं कुत्रं न्हाई."

"मग त्यो उजेड तुज्या बापाचा व्हय?"

तिकीटवाल्यानं वळून बघितलं. चपला तिथंच सोडून पळाला.

गोजरबाई पडद्यामागं गेली.

पडदा पांढराफेक. चित्र न्हाई. आवाज न्हाई. समोर पोरांची रांग.

कुनाची पापनी हालंना.

"कानिफ्या... ऊठ."

उठला. हात गार.

"चल घरी, चामडंच सोलते तुजं."

चार पावलं गेली. मागनं हाक आली.

"आये..."

कानिफचाच आवाज.

पन कानिफ तर हाताला हुता.

"आये... मी हितं हाय..."

रागाच्या भरात तिनं वळून बघितलंच न्हाई.

पडदा इझला.

घरी येताच पोर निजलं. पार उजाडस्तवर घोरलं. सकाळी डाव्या हातानं भाकर मोडाया लागलं. तिनं खाडकन थोबाडीत दिली. सदऱ्याची बाही वर सरकली.

कानिफचा देवी काढल्याचा वण डाव्या दंडावर हुता.

ह्या पोराचा उजव्या दंडावर...

तशीच बोंबलत तळावर धावली, "माजं पोर बदलून द्या!" तंबू गेल्ता. खुंट्यांची भोकं तेवढी राहिली हुती. लई शिव्या दिल्या त्या भोकांना.

सांजच्याला पोर आपलं आपन निजलं. तिनं घोंगडं घातलं. "ह्ये निजतंय तरी," म्हनली, आन त्याला वाढवलं. मातर तिचा डोळा मरेस्तवर लागला न्हाई. कुठंबी तंबू आला की पडद्यामागं जाऊन हाका मारायची.

झालं. काढ तंबाखू.

त्या हातावर न्हाई, गड्या... ह्या. डाव्या.